चिपाडातली वाट

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कालव्याच्या वळणाशी गेणबाचे गुऱ्हाळ आहे. त्या गुऱ्हाळाच्या छपरात, उसाच्या मोळ्या आणि मोडका चरक यांच्या मधोमध मी उभी असते. माझ्या बैठकीवर कोंबड्या बसतात. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही, कारण कोंबड्याही माझ्यासारख्याच चौकस असतात. मला चौकशीची खोड पहिल्यापासून आहे. एखादी गोष्ट अशी का, तशी का नाही, हे कळल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. पण मला तोंड नाही, नुसता भोंगा आहे. त्यामुळे सगळे प्रश्न मी मनातच ठेवले आणि उत्तराची वाट पाहत राहिले. त्यातल्या एकाच प्रश्नाची गोष्ट आज तुम्हांला सांगते. तो प्रश्न जितका माझा होता, तितकाच माझ्या धन्याचाही होता.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथे इतका धूर असे, की ऊन म्हणजे काय ते मला बोटीच्या प्रवासातच कळले. मुंबईच्या बंदरात उतरून मी पुण्याला आले आणि पुण्याहून बारामतीला, कालव्यावरच्या एका गोऱ्या साहेबाकडे. साहेब कालव्याच्या काठाने फिरून पाण्याची दारे तपासायचा. तो मला नेमाने पुसायचा, तेल घालायचा, माझी काळजी घेण्यात त्याने कधी कुचराई केली नाही. पण माझ्याशी तो एक शब्दही बोलला नाही. मी त्याच्याबरोबर सगळा कालवा पाहिला आणि तरी कालव्याकाठची माणसे काय करतात, काय बोलतात, हे मला काही कळले नाही. त्याची मला फार रुखरुख होती.

मग साहेब मायदेशी जायला निघाला. आता आपल्याला कोण घेणार, या विचाराने मी अगदी उतावीळ झाले होते. बारामतीचे एक वकील येऊन मला पाहून गेले, पण त्यांच्या धोतराला माझे तेल लागले आणि त्यांचा विचार तिथेच मागे पडला. शेवटी मला घेतले ते चार गुऱ्हाळवाल्यांनी मिळून.

गुऱ्हाळवाल्यांना फटफटी कशाला, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. त्याचे उत्तर म्हणजे जयवंता. जयवंता हा कळस गावचा गुळव्या. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळून घट्ट होत आला, की नेमकी कधी ती काहील चुलाणावरून उतरवायची, हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा आधी उतरवली तर गूळ चिकट राहतो, जरा उशीर झाला तर करपून काळा पडतो. जयवंता उजव्या हाताची बोटे आधी गार पाण्यात बुडवायचा, मग उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा आणि लगेच हात पुन्हा गार पाण्यात न्यायचा. पाण्यात त्या पाकाची गोळी करताना तो डोळे मिटायचा. मग हळूच म्हणायचा, "उतरा." त्याच्या हातच्या गुळाला बाजारात नाव होते. चारही गुऱ्हाळांना तोच हवा असायचा आणि गुऱ्हाळे होती एकमेकांपासून लांब लांब. तो चालत पोचेपर्यंत पाक थोडाच थांबतो! म्हणून चौघांनी वर्गणी करून मला आणले आणि जयवंताच्या हाती दिले.

पहिले काही दिवस आमची फार फजिती झाली. मला थांबवायचे असले की जयवंता बैलाला म्हणतात तसे "हो, हो" म्हणायचा आणि ब्रेक दाबायचा विसरायचा. मी एकदा त्याला घेऊन सरळ पाटात गेले, एकदा कडब्याच्या गंजीत शिरले. कालव्यावर धुणे धुणाऱ्या बायका हसून हसून बेजार झाल्या. पण त्याचा हात मोठा शहाणा होता. हळूहळू त्याला माझ्या आवाजावरून कळू लागले की मला काय हवे, काय नको. हंगामात तो आणि त्याची बायको सारजा गेणबाच्या गुऱ्हाळाशेजारी खोपीत राहायची; सारजाने माझ्या हँडलला काळा दोरा बांधला. गेणबाच्या बायकोने, छबूबाईने, दसऱ्याला माझ्या दिव्याला हळदकुंकू लावले. विलायतेत असले कौतुक कधी कोणाचे झाले असेल, असे मला वाटत नाही.

आणि मुख्य म्हणजे जयवंता माझ्याशी बोलायचा. एका गुऱ्हाळावरून दुसऱ्याकडे जाताना तो गुळाबद्दलच बोलत असे. आजचे आधण, म्हणजे काहीलभर रस, का भुरकट झाले, रस आंबला होता की काहील नीट घासली नव्हती, जाळ मधेच का पडला, सगळे तो मोठ्याने विचारायचा आणि मोठ्यानेच उत्तर द्यायचा. माझ्यासारख्या चौकस यंत्राला दुसरे काय हवे! मला तो मनापासून आवडायचा, हे मी आज उघड सांगते. त्याचा एक नेम होता. एखादे आधण बिघडले, तर का बिघडले ते कळल्याशिवाय तो चुलाणावर दुसरे चढवू देत नसे. गुऱ्हाळवाले कुरकुरायचे, पण त्याचा नेम मोडायची कोणाची छाती नव्हती.

त्या वर्षी मार्गशीर्षात गेणबाचा गूळ मळकट उतरू लागला. जयवंताने रस पाहिला, काहील पाहिली, शेवटी चुलाणात वाकून पाहिले. ऊस पिळून जे चिपाड उरते, तेच वाळवून चुलाणात जाळतात. ते चिपाडच ओलसर होते. गुऱ्हाळाचे अंगण कालव्याच्या पाझराने दमट झाले होते, तिथे वाळत घातलेले चिपाड वरून वाळे, खालून तसेच राही. ते धुमसायचे आणि जाळ एकसारखा लागायचा नाही. जयवंताने छबूबाईला बजावले, की चिपाड कडकडीत वाळले पाहिजे, कुठे वाळवायचे ते तुमचे तुम्ही बघा. छबूबाई कामाला वाघीण होती. बरे म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली.

त्यानंतर लगेचचीच गोष्ट. इंदापूरच्या बाजूला हिंदुरावांचे गुऱ्हाळ होते. तिथले आधण उतरवून आम्ही संध्याकाळच्या सुमाराला गेणबाकडे परत येत होतो. ऊन समोरून थेट माझ्या दिव्यात आणि जयवंताच्या डोळ्यांत येत होते. जयवंता मजेत होता, गेणबाचे आधण आज पिवळेजर्द उतरणार असे मला सांगत होता. कालव्याचे वळण आले. मी वळले, आणि माझ्या चाकाखालून रस्ता सरकला. एवढेच मला कळले. रस्ते कधी सरकत नसतात, हे मला ठाऊक होते, पण तो सरकला. माझ्या दिव्याची काच फुटली, मी आडवी होऊन घसरत कालव्याच्या भरावाला आदळले आणि गप्प झाले. जयवंता कुठे पडला ते मला दिसेना. त्याचा आवाज येईना, याचीच मला सगळ्यात भीती वाटली.

माणसे धावली. त्याला उचलून खोपीत नेले. डोक्याला खोक पडली होती आणि उजवे मनगट मोडले होते. उजवेच. सारजा एकदाही ओरडली नाही, नुसती त्याच्या हाताकडे बघत बसली होती, असे मी मागून ऐकले. मला उभी करायला माणसे आली तेव्हा दिवस मावळला होता आणि रस्ता स्वच्छ, झाडल्यासारखा होता. मला गाडीत घालून हिंदुरावांकडे नेले, कारण लोहाराचा भाता तिकडे होता.

जयवंताला त्या संध्याकाळचे काही आठवेना. हिंदुरावांचे आधण उतरवलेले आठवे, पुढचे सगळे पुसून गेले होते. मग काय, ज्याला त्याला कारण सापडू लागले. गेणबा म्हणाला, फटफटीचे चाक अडकले असणार. सारजा म्हणाली, दृष्ट लागली, दोरा जुना झाला होता. कोणी म्हणाले, वळणावरच्या म्हसोबाला नारळ फोडायचा राहिला. हिंदुरावांना बैलांचा नाद, ते माझ्या टाकीवर थाप मारून म्हणाले, "एकदा उधळलेला बैल मी दावणीला ठिवत न्हाय. ही बी इकून टाका." मला फार लागले ते बोलणे. मी उधळले नव्हते. पण मग झाले काय होते? ते मला तरी कुठे सांगता येत होते!

लोहाराने माझ्या पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा सरळ केला. हाडवैद्याने जयवंताच्या मनगटाला कामट्या बांधल्या. त्याच्या जागी गेणबाकडे लोणी भापकरहून आबाजी आले. आबाजी म्हणजे जयवंताचे गुरू, त्यांनीच त्याला काहिलीशी उभे केले होते. म्हातारे बोलायला कमी आणि तंबाखूला पुढे. त्यांनी एक गुऱ्हाळ सांभाळले, बाकीच्या तिघांनी जमेल तसे भागवले.

माघ लागला तेव्हा कामट्या सुटल्या. हात वाळून काटकी झाला होता. जयवंताने गेणबाच्या काहिलीशी जाऊन बोटे आधी पाण्यात बुडवली, मग पाकात घातली. सगळे गुऱ्हाळ श्वास धरून उभे होते, असे सारजाने नंतर माझ्यासमोर कोणाला तरी सांगितले. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "उतरा." आणि सारजा तिथून उठून खोपीमागे जाऊन रडून आली. हात परत आला होता.

आता सगळ्यांपुढे एकच प्रश्न उरला, जयवंता पुन्हा माझ्यावर बसणार का? दुसऱ्याच दिवशी तो बैलगाडीतून हिंदुरावांकडे मला पाहायला आला. माझी बैठक पुसली, दिव्याच्या चौकटीतून फुटकी काच काढली आणि माझ्यासमोर उकिडवा बसून राहिला. मग लोहाराला, हिंदुरावांना त्याने सांगून टाकले, की का पडलो ते कळल्याबिगर मी बसणार न्हाय. हा त्याचा गुळाचाच नेम होता, त्यामुळे कोणाला बोलता येईना.

मित्रांनो, त्याने कारण शोधायला सुरुवात केली, तेव्हा माझी छाती अभिमानाने भरून आली. इतर सगळ्यांना काहीतरी कारण हवे होते, त्याला खरे कारण हवे होते. त्याने माझी साखळी हाताने फिरवून पाहिली, ब्रेक पाहिले, टायरवर इंच इंच बोटे फिरवली. चाक अडकले असते तर साखळीवर खूण असती, ती नव्हती. ऊन डोळ्यांत होते खरे, पण ते रोजच असायचे. वळणावर जाऊन तो रस्ता न्याहाळून आला. खड्डा नाही, दगड नाही, ओल नाही. दिवसाआड बैलगाडीतून तो त्या वळणावरून जायचा आणि दर वेळी गाडीवानाला थांबवून तिथे बघत राहायचा. गाडीवानाला वाटायचे, गुळव्याच्या डोक्याला मार जरा जास्तच लागला.

पण गाडीने भागत नव्हते. हिंदुरावांची आधणे दोनदा हातची गेली, जयवंता पोचला तोवर पाक पुढे गेला होता आणि ढेपा काळ्या निघाल्या. चौघे गुऱ्हाळवाले जमले. त्यांनी सरळ सांगितले, की बसायचे असेल तर बस, नसेल तर फटफटी विकून आम्ही आपापला गुळव्या बघतो. सुप्याचा एक व्यापारी मला घ्यायला तयार होता, बारामतीच्या बाजारात तो मला ताब्यात घेणार होता. जयवंताने माझ्या बैठकीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "इका. मीच पोचवतो तिला." मला तेव्हा भोंगा वाजवता आला असता तर मी कालव्यापलीकडे ऐकू जाईल असा वाजवला असता.

हिंदुरावांचे बैल चरकाला जुंपलेले होते, गाडी रिकामी नव्हती. म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी जयवंता मला हाताने ढकलत निघाला. उन्हे कलती झाली होती. डावा हात जोर लावत होता, उजवा नुसता माझ्या मुठीवर ठेवलेला होता. रस्ताभर तो एक शब्दही बोलला नाही. साहेब बोलत नसे तेव्हा मला इतके वाईट वाटले नव्हते. सुप्याचा व्यापारी बोलका असेल का, एवढाच विचार मी करत होते, कारण दुसरा कुठला विचार करायचा धीर मला नव्हता.

वळण आले. ऊन समोरूनच येत होते. जयवंताने मला वळवायला हँडल किंचित फिरवले, आणि माझे पुढचे चाक बाजूला सरकले. थोडेसेच. आम्ही चालतच होतो, त्यामुळे पडायचा प्रश्न नव्हता. पण जयवंता जागच्या जागी थांबला. त्याने मला मागे घेतले आणि पुन्हा तसेच वळवले. चाक पुन्हा सरकले. तिसऱ्यांदा करताना त्याने डोळे मिटले आणि उजवा हात माझ्या मुठीवर हलका ठेवला, काहिलीत बोटे घातल्यावर ठेवायचा तसा. मग त्याने डोळे उघडून खाली पाहिले. रस्ताभर चिपाड पसरले होते. कडकडीत वाळलेले, पांढरे, गुळगुळीत चिपाड. पलीकडे छबूबाई दाताळ्याने ते खालीवर करत होती.

आता तुम्ही म्हणाल, हे त्याला आधी दिसले नाही? दिसत होते की! तो त्याच चिपाडावरून गाडीत बसून जात होता, त्याच्यावर उभा राहून रस्ता तपासत होता. पण गुऱ्हाळात जन्म गेलेल्या माणसाला चिपाड म्हणजे धुळीसारखे. अनवाणी पाय त्यावरून घसरत नाहीत, बैलाचे खूर घसरत नाहीत, गाडीचे चाक ते दाबून पुढे जाते. रबरी चाकांवर त्या रस्त्याने जाणारी मी एकटीच. आणि आम्ही पडलो त्या दिवशी छबूबाईने रोजच्यासारखे दिवस मावळताच, दव पडायच्या आत, चिपाड गोळा करून नेले होते. तिने काही लपवले नव्हते. तिने आपले काम केले होते.

छबूबाई दाताळे टेकवून उभी राहिली. "भाऊजी, काय हुडकताय?"

"वैनी, चिपाड हितं कवापासनं टाकताय?"

"तुमीच न्हवं का बोलला, कडक वाळाया पायजे म्हून. अंगणात वल लागती. ही एक जागा टणक घावली." एवढे बोलून तिने आधी माझ्या चाकाकडे पाहिले, मग त्याच्या मनगटाकडे, आणि तिचा चेहरा उतरला. ती मटकन खालीच बसली. "म्हंजी माझ्यामुळं?"

"न्हाय वैनी. माझ्यामुळं." आणि जयवंता हसायला लागला. किती तरी दिवसांनी मी त्याचे हसू ऐकले. छबूबाई मात्र हसली नाही. ती तिथेच बसून मूठ मूठ चिपाड उचलून बाजूला ठेवू लागली.

गेणबाने ही बातमी ऐकली आणि तो धावतच आला. कारण घावले, आता बस, म्हणून त्याने जयवंताची पाठ थोपटली. आबाजी चुलाणाजवळ बसल्या जागेवरून बघत होते. सारजा खोपीच्या दारात येऊन उभी राहिली. जयवंताने मला मोकळ्या जागी नेले, किक मारली आणि मी एका फटक्यात सुरू झाले. मला वाटले, संपला वनवास. पण तो बसला नाही. माझ्या मुठीवरचा त्याचा उजवा हात थरथरत होता. आधी मला वाटले ते माझेच हादरे आहेत. मग त्याने मला बंद केले, आणि मी गप्प झाल्यावरही तो हात थरथरतच होता.

ही गोष्ट मला अजिबात समजली नाही. नेम त्याचा, कारण त्याचे, तेही सापडले. मग आता काय राहिले? शेवटी जयवंता स्वतःच सारजाकडे बघून म्हणाला, "कारणाचं निमित्त हुतं. मला भ्या वाटतंय. ह्यो हात गेला तर मी कोण?"

सारजाने त्याला ना बस म्हटले, ना बसू नको म्हटले. तिने घागरीतून पाणी आणून त्याला प्यायला दिले. तेव्हा आबाजींनी तंबाखू मळता मळता हाक मारली.

"जयवंता, पयल्यांदा काहिलीत बोटं घातलीस, तवा भ्या वाटलं हुतं का?"

"लई वाटलं हुतं, आबाजी."

"आन् आता?"

जयवंताने विचार केला. "आताबी वाटतं. रोज वाटतं."

"मग घालतोस कसा?"

"आदी गार पाण्यात बुडवतो."

आबाजींनी तंबाखू तोंडात टाकली आणि तोंड चुलाणाकडे फिरवले.

दुसऱ्या दिवशी बारामतीचा बाजार भरला आणि मोडला, सुप्याचा व्यापारी वाट पाहून गेला असेल. जयवंता सकाळी माझ्याजवळ आला. त्याने मला पुसले, तेल घातले, हँडलचा काळा दोरा नीट केला. मग मला हाताने धरून वळणाकडे नेले. चिपाड अजून पसरले नव्हते, रस्ता लख्ख होता. तरी तो चालतच राहिला. सबंध वळण त्याने मला ढकलत पार केले, पुढे सरळ रस्ता लागला तेव्हा थांबला, किक मारली आणि माझ्यावर बसला. हात थरथरत होताच. आम्ही हिंदुरावांकडे इतक्या हळू गेलो की वाटेत एका शेळीने आम्हांला मागे टाकले. पण काहील उतरायच्या आधी पोचलो. हिंदुरावांनी मला पाहून चरकाच्या बैलांना उगाचच दोन शिव्या दिल्या.

तेव्हापासून त्याची रीत ठरून गेली. जाताना आणि येताना, वळण आले की तो उतरायचा आणि मला हाताने पलीकडे न्यायचा. चिपाड असो वा नसो, फड उसाने भरलेले असोत की हंगाम संपलेला असो. पोरे चिडवायची, "गुळव्या उतरला, गुळव्या उतरला," तोही त्यांच्याबरोबर हसायचा. मी मात्र प्रत्येक वेळी मनात म्हणायची, हेच याचे गार पाणी. वळणापुढे हात कमी कमी थरथरू लागला. पुढे पुढे तो पहिल्यासारखा बोलायलाही लागला, भुरकट आधणाबद्दल, ओल्या जाळाबद्दल. मी ऐकत होते आणि माझे सुख माझ्या टाकीत मावत नव्हते.

छबूबाईचे काय झाले, ते सांगायचे राहिले. चिपाड वाळवायला तिला दुसरी टणक जागा मिळेना. मग ती रस्त्यावरच पसरू लागली, पण मधोमध एक हातभर रुंदीची पट्टी मोकळी सोडून. दाताळ्याने कड सरळ करून, वर खराट्याने झाडून. माझ्या चाकाला लागेल एवढीच वाट. जयवंता उतरून चालतच जातो, मग तेवढी वाट तरी कशाला, असे गेणबा म्हणायचा. ती ऐकायची नाही. आम्ही त्या वाटेने जाताना ती दाताळे टेकवून उभी राहायची आणि आम्ही पलीकडे पोचलो की कामाला लागायची. जयवंताने तिला कधी बोल लावला नाही. तिनेही पुन्हा त्या दिवसाचे नाव काढले नाही.

आता सगळे बदलले आहे. इंदापूरच्या बाजूला साखरेचा कारखाना सुरू झाला आणि ऊस तिकडे जाऊ लागला. हिंदुरावांची चुलाणे विझली, मग उरलेल्या दोघांची. आता एकटे गेणबाचे गुऱ्हाळ तेवढे चालते, आणि एका गुऱ्हाळापुरता माणूस खोपीतून चालतच येतो. म्हणून मी छपरात आहे. माझे टायर बसले आहेत, टाकीवर गंज चढला आहे. जयवंता कधी कधी उजव्या हाताने माझी मूठ धरून उभा राहतो. हात आता मुळीच थरथरत नाही.

मी उभी आहे तिथून वळण दिसते. यंदा गेणबाच्या घरी नवी सून आली आहे, फुला नावाची. परवा ती सासूबरोबर चिपाड पसरत होती. मधली मोकळी पट्टी बघून तिने तिच्यावरही चिपाड टाकले, तशी छबूबाईने दाताळ्याने ते ओढून बाजूला केले. फुलाने विचारले, हितं का न्हाय टाकायचं? छबूबाई म्हणाली, "हितनं गाडी जाती."

"ती तर छपरात हुबी हाय की, आत्याबाई."

छबूबाईने माझ्याकडे वळून पाहिले. "असूंदे," ती म्हणाली, आणि खराटा घेऊन पट्टी झाडू लागली.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. इकडे आलात तर कोंबड्या हाकलून माझ्यावर एकदा फडके फिरवा, मला बरे वाटेल. आणि तुमच्यातले कोणी कधी पडले, तर त्याला चढ म्हणून ढोसू नका आणि चढू नको म्हणून अडवूही नका. त्याच्यासाठी हातभर वाट झाडून ठेवा. बसायचे की चालायचे, ते त्याचे तो ठरवील.